वंध्यत्वाची तपासणी : पोट न उघडता



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा 'उन्हाळ्यातील आरोग्य' किंवा 'बालसंगोपन' अशा एखाद्या निरुपद्रवी विषयाची त्यांची अपेक्षा असावी. मी माझा विषय कळवला आणि दोन दिवस उत्तरच आले नाही. तिसऱ्या दिवशी चिटणिसांचा फोन आला. "विषय चालेल, पण सभेला बायका असतात, मुले असतात," असे ते थोडे चाचरत म्हणाले. मी म्हटले, "म्हणूनच तर हा विषय निवडला." चिटणीस सज्जन आहेत. त्यांनी हसून होकार दिला, आणि आज मी आपल्यापुढे उभी आहे.

असल्या विषयांवर चारचौघांत बोलण्याची वहिवाट महाराष्ट्राला अगदीच नवी नाही. १९२७ साली र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. त्यांनी सोसले म्हणून आज मला या व्यासपीठावर गर्भाशय हा शब्द आवाज न उतरवता उच्चारता येतो. तेव्हा संकोच बाजूला ठेवून आपण सरळ विषयाकडे वळू.

नुकतीच अक्षय्य तृतीया झाली. महिनाभर घरोघरी चैत्रगौरीची हळदीकुंकवे चालली होती. आंब्याची डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी. या समारंभात एखादी बाई कोपऱ्यात जरा अंग चोरून बसलेली आपण पाहिली असेल. लग्नाला सात-आठ वर्षे झालेली, मांडीवर मूल नाही. तिला कोणी काही म्हणत नाही. पण ओटी भरताना यजमानीणबाईंचा हात किंचित थांबतो, आणि तो थांबलेला तिला कळतो. आमच्या भाषेत 'वांझ' हा शब्द आहे. तो आपण गाईला लावतो, झाडाला लावतो, जमिनीला लावतो आणि बाईला लावतो. नवऱ्याला मात्र लावत नाही. या शब्दाला पुल्लिंगच नाही. माझ्या व्याख्यानाचा अर्धा भाग या एका वाक्यात आला, असे समजा. उरलेला अर्धा भाग दुर्बिणीविषयी आहे.

प्रथम थोडे शरीररचनेविषयी. गर्भाशय, म्हणजे आमच्या रुग्ण बायका जिला 'पिशवी' म्हणतात ती, साधारण एका लहान पेरूएवढी असते. तिच्या दोन्ही अंगांना दोन नळ्या. त्यांची लांबी दहा ते बारा सेंटिमीटर, म्हणजे अर्धी वीत. गर्भाशयाजवळ नळीचे आतले भोक जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. दुसऱ्या टोकाला ती रुंदावते आणि तिला एक नाजूक झालर असते. ही झालर बीजकोशावर फिरते आणि महिन्यातून एकदा सुटणारे स्त्रीबीज अलगद उचलून आत घेते. त्या बीजाचे आयुष्य सुमारे एका दिवसाचे. तेवढ्या वेळात नळीतच त्याची आणि शुक्रजंतूची गाठ पडावी लागते. गाठ पडली तर तयार झालेला गर्भ नळीतून सरकत पाच-सहा दिवसांत गर्भाशयात येतो आणि रुजतो.

एवढ्या नाजूक वाटेवर कोठेही अडथळा आला तर दिवस राहत नाहीत. बीज तयार होत नसेल, नळी बंद असेल, नळी मोकळी असूनही झालर कशालातरी चिकटून बसली असेल, पिशवीच्या आत एखादा मोड किंवा पडदा असेल. किंवा या सर्व गोष्टी ठीक असून शुक्रजंतूच पुरेसे नसतील. यांपैकी बहुतेक कारणे बाहेरून दिसत नाहीत. बाईची प्रकृती खणखणीत असते, पाळी घड्याळासारखी असते, आणि तरी पाळणा हलत नाही. 'आत काय आहे ते पाहिल्यावाचून कसे कळणार?' हा प्रश्न येथे उभा राहतो. पूर्वी या प्रश्नाला एकच उत्तर होते : पोट उघडून पाहणे. पोट न उघडता कसे पाहता येईल, याचाच शोध गेली शंभर-सव्वाशे वर्षे चालला आहे.

परंतु त्या शोधाकडे जाण्यापूर्वी एक हकीकत सांगते. काही वर्षांपूर्वी एका खेड्यातून एक जोडपे माझ्याकडे आले. लग्नाला नऊ वर्षे झालेली. बाईने पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. दोनदा क्युरेटिंग झालेले, दोनदा नळ्यांचा फोटो काढलेला, एकदा बेंबीतून दुर्बीण घालून तपासणी झालेली. सर्व कागदांवर निष्कर्ष एकच : दोष आढळत नाही. मी सर्व कागद पाहिले आणि विचारले, "यांच्या तपासणीचा कागद कोठे आहे?" बाईने नवऱ्याकडे पाहिले. नवरा म्हणाला, "माझी कसली तपासणी, डॉक्टर? मी तर धडधाकट आहे. दोन पोती सहज उचलतो."

मी त्याला सांगितले की, पोती उचलण्याचा आणि या गोष्टीचा संबंध नाही. वैवाहिक जीवनात काही उणे नसलेल्या पुरुषाच्याही वीर्यात शुक्रजंतू नसू शकतात. नामर्दपणा वेगळा आणि ही गोष्ट वेगळी. दोहोंची गल्लत होते म्हणून पुरुष या तपासणीला भितात. दोन दिवसांनी त्याची तपासणी झाली. शुक्रजंतू एकही नव्हता. खात्रीसाठी पुन्हा केली, तरी तेच. कागद हातात घेऊन तो बराच वेळ गप्प बसला. मग बायकोकडे न पाहता म्हणाला, "म्हणजे हिला एवढे सगळे केले ते..." त्याने वाक्य पुरे केले नाही. बाई म्हणाली, "असू द्या हो." त्या 'असू द्या'त नऊ वर्षे होती.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा स्त्रीकडील कारणाबरोबर सापडते. पुरुषाच्या तपासणीला सुई लागत नाही, भूल लागत नाही, टाका लागत नाही. दोन ते सात दिवसांचा संयम, एक बाटली आणि सूक्ष्मदर्शक यंत्र एवढे पुरते. दशरथ राजाला तीन राण्या होत्या आणि तिघींनाही मूल नव्हते. आज ते कुटुंब कोणा शहाण्या डॉक्टरकडे आले असते, तर त्याने तिन्ही राण्यांना बाहेर बसवून प्रथम महाराजांनाच आत बोलावले असते. (हशा.) आपण हसलात, पण ऋष्यशृंगांनी यज्ञ राजाकडूनच करवला होता हेही ध्यानात घ्या. आमच्या पूर्वजांनी निदान राण्यांच्या पोटात काही घालून पाहिले नाही!

असो. पुरुषाची तपासणी झाली आणि ती ठीक निघाली, असे धरून आता पुढे जाऊ.

नळ्या मोकळ्या आहेत की नाहीत, हे पोट न फाडता कळावे म्हणून न्यूयॉर्कच्या इसिडोर रुबिन यांनी १९१९-२० च्या सुमारास एक युक्ती काढली. गर्भाशयमुखातून ते मोजक्या दाबाने वायू सोडत. प्रथम प्राणवायू, पुढे कर्बवायू. नळी मोकळी असेल तर वायू पोटात उतरे आणि दाब खाली येई. मग बाईला उठवून बसवले की तिचा खांदा दुखू लागे, कारण वायू वर सरकून श्वासपटलाला टेके आणि तेथील मज्जातंतूंची वेदना खांद्यात उमटे. खांदा दुखला की डॉक्टरला आनंद! ही तपासणी आता मागे पडली आहे. पण तिचा धडा मागे पडू नये : पोटातील नळीची वार्ता खांद्याकडून मिळवता येते. थोडक्या साधनांत पुष्कळ कळते.

दुसरी वाट क्ष-किरणांची. पिशवीत क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य सोडायचे आणि फोटो घ्यायचा. १९२२ साली फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी लिपिओडॉल हे आयोडीनयुक्त तेल प्रचारात आणले आणि ते याही कामी आले. हाच आपला 'नळ्यांचा फोटो'. आजही तो काढतात. पाळी थांबल्यावर, बीज सुटण्यापूर्वी, दहा-पंधरा मिनिटांचे काम. तो दुखतो. दुखत नाही असे जे सांगतात त्यांचा तो कधी काढलेला नसतो. आणि तो कधीकधी खोटेही बोलतो. कळ आली की नळीच्या तोंडाशी स्नायू आवळतात, द्रव्य पुढे जात नाही आणि कागदावर 'नळी बंद' असे उमटते. नळी मुळात बंद नसतेच; ती घाबरलेली असते. एवढ्या एका कागदावर हाय खाऊन महिनोन् महिने रडत बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. तेव्हा फोटोत नळी बंद दिसली म्हणजे निकाल लागला, असे समजू नका. तो खालच्या कोर्टाचा निकाल आहे. वर अपील आहे.

या फोटोची एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. फोटो काढल्यानंतरच्या काही महिन्यांत पुष्कळ बायकांना दिवस राहतात, असे जुने डॉक्टर म्हणत आणि नवे हसत. २०१७ साली नेदरलँड्समधील २७ रुग्णालयांनी १११९ स्त्रियांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना तेलकट द्रव्य दिले, निम्म्यांना पाण्यात विरघळणारे. सहा महिन्यांत तेलाच्या गटात शंभरांतील सुमारे ४० जणींना दिवस राहून टिकले. पाण्याच्या गटात सुमारे २९ जणींना. तपासणीच थोडा उपचारही करून गेली! नळीतील बारीकसारीक कचरा तेलाने वाहून जात असावा, असा तर्क आहे.

पण फोटो ही अखेर सावली आहे. नळी मोकळी आहे एवढे सावली सांगते. झालर चिकटली आहे काय, बीजकोशावर जाळे धरले आहे काय, गर्भाशयाच्या अस्तरासारखे ठिपके बाहेर ओटीपोटात रुजले आहेत काय, हे ती सांगू शकत नाही. त्यासाठी डोळ्यांनीच पाहावे लागते. येथे दुर्बीण आली.

१९०१ साल या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी जर्मनीत गेओर्ग केलिंग यांनी हँबुर्गच्या सभेत एका जिवंत कुत्र्याच्या पोटात हवा भरून त्यातून दुर्बीण घातली आणि आतील अवयव पाहून दाखवले. त्याच वर्षी रशियात, सेंट पीटर्सबर्गला, दिमित्री ओट यांनी निराळी वाट धरली. त्यांनी पोटाला हातच लावला नाही. योनिमार्गाच्या मागच्या भिंतीला लहान छेद घेऊन, कपाळावरच्या आरशाने उजेड पाडून, त्यांनी खालून आत पाहिले. एक वाट पुढच्या दाराची, दुसरी परसदाराची. पुढील शंभर वर्षांचा इतिहास या दोन दारांतून जाण्यायेण्याचा आहे.

परसदार म्हणजे काय ते सांगते. गर्भाशयाच्या मागे आणि गुदाशयाच्या पुढे एक खळगा आहे. अठराव्या शतकातील शरीरशास्त्रज्ञ जेम्स डग्लस यांच्या नावाने तो ओळखला जातो. उभ्या माणसात पोटाच्या पोकळीतील ही सर्वांत खालची जागा. नळ्यांची झालर आणि बीजकोश या खळग्याच्या काठाशीच लोंबतात. आणि योनिमार्गाचा मागचा घुमट व हा खळगा यांच्यामध्ये केवळ एक पातळ भिंत असते. ज्यांना पाहायचे ते या घराच्या परसातच राहतात. मग पुढच्या दाराने ओटी, माजघर ओलांडून कशाला जायचे?

१९१० साली स्वीडनच्या याकोबेउस यांनी माणसाच्या पोटात पुढच्या दाराने दुर्बीण घालून दाखवली. परसदाराने जाणाऱ्यांत पुढे १९४४ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट डेकर यांचे नाव झाले. ते बाईला गुडघे आणि छाती टेकवून ओणवी करीत. त्या स्थितीत मागच्या भिंतीला सुई टोचताच हवा आपोआप आत ओढली जाई आणि आतडी बाजूला सरकत. पण तशा अवघड आसनात बाईला ठेवणे हे तिच्या आणि भूल देणाऱ्याच्या दृष्टीने सोपे नव्हते. त्याच सुमारास, जर्मनांच्या ताब्यातील पॅरिसमध्ये, राउल पामर हे वंध्यत्वाच्याच तपासणीसाठी पुढच्या दाराची वाट नीट बांधीत होते. बाईला डोके खाली, पाय वर असे निजवायचे, पोटात वायू भरायचा, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळे दिसते. ही रीत इतकी सोयीची ठरली की परसदाराला जवळजवळ कुलूप लागले.

इंग्लंडमधील ओल्डहॅमचे पॅट्रिक स्टेप्टो यांनी पामरांची ही विद्या उचलली आणि १९६७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे रॉबर्ट एडवर्ड्स यांना स्त्रीबीज हवे होते आणि ते पोट न फाडता कसे काढावे हे स्टेप्टोंना ठाऊक होते. लेस्ली ब्राउन या बाईंच्या दोन्ही नळ्या बंद होत्या. १९७७ च्या नोव्हेंबरात त्यांचे बीज दुर्बिणीतून काढले गेले आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईझ ब्राउन जन्मली. तिच्यानंतर दहाच आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयोगातून दुर्गा जन्मली. मुखर्जींनी बीज काढले ते परसदाराने, योनिमार्गाच्या मागच्या भिंतीतून. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. १९८१ साली त्यांनी आत्महत्या केली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून हर्षा जन्मली, तेव्हा देशाने तिलाच पहिली म्हटले. पुढे आनंद कुमारांनीच मुखर्जींचे कागद वाचले आणि १९९७ साली 'पहिला मान त्यांचा' असे जाहीरपणे सांगितले. स्वतःच्या डोक्यावरचा मान उतरवून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवणारा माणूस विरळा. त्यांचे नाव आपण आदराने घेतले पाहिजे.

आपल्या खेड्यापाड्यांत मात्र दुर्बीण या शब्दाचे निराळेच झाले. 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणजे मूल बंद करण्याचे ऑपरेशन, अशीच तिची ओळख शिबिरांतून झाली. मूल व्हावे म्हणून आलेल्या बाईला 'दुर्बिणीने पाहू' म्हटले की तिच्या सासूचा चेहरा उतरतो. "अहो डॉक्टरीणबाई, आम्हाला बंद नाही करायचे!" मूल होत नाही म्हणून शोधायला जे साधन घडवले, त्याचीच ही ओळख. यात साधनाचा दोष नाही. आपण लोकांना नीट सांगितले नाही, हा दोष आहे.

आता परसदाराचे कुलूप पुन्हा कसे निघाले ते पाहू. १९९८ साली बेल्जियममधील लूव्हेन येथे स्टेफान गोर्ट्स, रूडी कांपो, इव्हो ब्रोसेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या वाटेने नव्या साधनांनी जाऊन दाखवले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये लिऑनला आंत्वान वात्रेलो यांनीही तीच वाट धरली. फरक दोन होते. दुर्बीण आता तीन मिलिमीटरांहूनही बारीक झाली होती. आणि पोटात वायू भरण्याऐवजी त्यांनी कोमट सलाइन सोडले.

पाणी का? ओला पदर पाण्याबाहेर काढला की अंगाला चिकटतो, त्याच्या चुण्या दिसत नाहीत. तोच नदीत सोडला की उलगडतो, लहरू लागतो. नळीच्या झालरीचे तसेच आहे. वायूत ती निपचित पडते. पाण्यात तरंगते, तिचा एकेक धागा मोकळा होतो. बीजकोशाला धरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे पातळ पडदे वायूच्या दाबाखाली दबून नजरेतून निसटतात. पाण्यात ते हलतात आणि सापडतात.

प्रत्यक्ष तपासणी अशी होते. बाई नेहमीच्या तपासणीसारखी उताणी निजते. डोके खाली नाही, ओणवे नाही. त्या जागेपुरती भूल किंवा थोडी गुंगी पुरते. घुमटाच्या मागच्या भागातून, गर्भाशयमुखाच्या जरा खाली, एक बारीक सुई खळग्यात जाते. तिच्यातून सलाइन सोडतात. मग त्याच वाटेने दुर्बीण. बाई जागी असेल तर पडद्यावर तिला स्वतःचा बीजकोश दिसतो. पिशवीतून निळा रंग सोडला की झालरीच्या टोकाशी निळा धूर पाण्यात पसरताना दिसतो : नळी मोकळी. गरज पडल्यास दुर्बीण झालरीतून नळीतही थोडी शिरते आणि आतल्या घड्या पाहते. पाऊण तासाच्या आत काम आटोपते. टाका नाही, पोटावर वण नाही. उरलेले पाणी शरीर शोषून घेते. पुष्कळ जणी त्याच दिवशी घरी जातात.

येथे एक गोष्ट झाकून ठेवली तर मी आपल्याशी अप्रामाणिक ठरेन. या खळग्याच्या मागे गुदाशय आहे. हात चुकला तर त्याला सुई लागू शकते. २००१ साली या पंथाच्या प्रवर्तकांनीच ३६६७ तपासण्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यांत २४ वेळा आतड्याला इजा झाली होती. बहुतेकींची ती शस्त्रक्रियेवाचून आपोआप भरून आली. आणि हात बसल्यावर, म्हणजे पहिल्या पन्नास तपासण्यांनंतर, प्रमाण आणखी उतरले. म्हणून आपली तपासणी डॉक्टरांच्या पहिल्या पन्नासांतली आहे काय, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक बाईला आहे. त्यात उद्धटपणा नाही.

शिवाय हे परसदार प्रत्येक घराचे उघडतेच असे नाही. पिशवी मागे वळून घट्ट चिकटलेली असेल, खळगाच बुजलेला असेल, तर येथून जाणे धोक्याचे. आपल्या देशात हे विशेष सांगावे लागते, कारण आपल्याकडे क्षय आहे. क्षय फुप्फुसांचाच असतो असे नाही. तो खोकल्यावाचून, तापावाचून गुपचूप नळ्यांत जाऊन बसतो, त्यांची मण्यांच्या माळेसारखी गाठाळ दोरी करतो आणि सर्व अवयव एकमेकांना चिकटवून टाकतो. आपल्याकडील वंध्यत्वाच्या कारणांत त्याला विसरून चालत नाही. अशा पोटात खळगा मोकळा आहे काय, हे आधी हाताने आणि सोनोग्राफीने पाहावे लागते. नसेल तर बेंबीकडील वाटच बरी. परसदारातून गर्भाशयाची पुढची बाजूही दिसत नाही. तेव्हा नवी वाट आली म्हणून जुनी बुजवायची नसते.

पिशवीच्या आत पाहणारी दुर्बीण ही आणखी एक. १९९७ साली इटलीतील स्तेफानो बेत्तोक्की यांनी ती बिनभुलीने, चिमटा न लावता, पाण्याच्या प्रवाहाबरोबर अलगद आत नेण्याची रीत दाखवली. आज ती बाह्यरुग्ण विभागात चहा निवेपर्यंत होते. आणि धोका नेमका येथे सुरू होतो.

साधन मोठे होते, भूल द्यावी लागे, पोटावर वण राही, तेव्हा डॉक्टर दहा वेळा विचार करी. साधन बारीक झाले आणि विचारही बारीक झाला! 'एवढेसे तर आहे, पाहून टाकू' असे आम्ही म्हणू लागलो. २०१६ साली नेदरलँड्समधून एका प्रयोगाचा निकाल आला. सोनोग्राफीत पिशवी निर्दोष दिसलेल्या सुमारे साडेसातशे स्त्रियांपैकी निम्म्यांना परीक्षानळीच्या उपचारापूर्वी पिशवीत दुर्बीण घालून पाहिले, निम्म्यांना नाही. पाहिलेल्यांत १०० पैकी ५७ जणींना मूल झाले; न पाहिलेल्यांत ५४ जणींना. हा फरक शास्त्राच्या हिशेबात फरकच नव्हे. म्हणजे तेथे ते पाहणे फुकट होते. फुकट म्हणजे बिनपैशाचे मात्र नव्हे, हे आपण जाणताच.

पाहणे सुलभ झाले म्हणून ते आवश्यक होत नाही, हे मला आज मुख्यतः सांगावयाचे आहे. युरोपातील तज्ज्ञांनी २०२३ साली अशाच मताची शिफारस केली : वंध्यत्वाचे कारण वरवर सापडत नसेल तर प्रत्येकीच्या पोटात सरसकट दुर्बीण घालू नये, नळ्यांसाठी फोटो किंवा सोनोग्राफीची तपासणी पुरते. दुखणाऱ्या पाळीची तक्रार असेल, पूर्वी क्षय किंवा ओटीपोटाची सूज होऊन गेली असेल, फोटोत शंका निघाली असेल, तेथे डोळ्यांनी पाहणे सार्थ. अशा ठिकाणी टाळाटाळ करणे हाही दोषच.

मग सामान्य जोडप्याने काय करावे? वर्षभर वाट पाहावी. बाईचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिने. नंतर दोघांनी मिळून जावे. बाईने सासूबरोबर आणि नवऱ्याने कामावर, असे नव्हे. प्रथम नवऱ्याची तपासणी व्हावी. बाईच्या रक्ताची आणि सोनोग्राफीची तपासणी तिच्या जोडीने चालावी. त्यापुढे जी तपासणी सुचवली जाईल तिच्याबद्दल डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा : "यात काही सापडले तर आपण काय निराळे कराल, आणि नाही सापडले तर काय?" दोन्हींचे उत्तर एकच असेल, तर ती तपासणी करण्यात अर्थ नाही. दुर्बिणीत काही दिसले तर त्याच वेळी दुरुस्त करायचे की नाही, हे आधी ठरवावे, आणि ते बाईला विचारून ठरवावे. ती भुलेत असताना बाहेर बसलेल्या मंडळींना विचारून नव्हे. झालेल्या तपासणीचे चित्र आणि कागद मागून घ्यावेत, जपावेत; म्हणजे तीच परीक्षा तिला पुन्हा द्यावी लागणार नाही.

हे सर्व करूनही सगळ्यांचे पाळणे हलतील असे मी म्हणत नाही. तसे सांगणारे फलक हमरस्त्यावर पुष्कळ आहेत. काहींना मूल होणार नाही. त्यांतील काही दुसऱ्याचे मूल मांडीवर घेतील, काही घेणार नाहीत. तोही संसारच असतो.

शंभर वर्षे मोठमोठी माणसे झटली ती एवढ्याचसाठी की, बाईच्या पोटातील गोष्ट तिला कमीत कमी इजा करून कळावी. हातभर चिऱ्यापासून सुईच्या टोकापर्यंत आपण आलो. पण त्या नऊ वर्षांच्या बाईला झालेली इजा सुईची नव्हती. प्रश्न चुकीच्या माणसाला आधी विचारला गेला, ही ती इजा होती. ती टाळण्याला दुर्बीण लागत नाही.

पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाला कोपऱ्यात बसलेली ती बाई दिसली, तर तिची ओटी भरताना हात थांबू देऊ नका, इतकीच यजमानीणबाईंना माझी विनंती आहे. आणि यजमानांना विनंती अशी की, ओळखीत असे एखादे जोडपे असेल, तर त्यातल्या नवऱ्याला एकदा बाजूला घेऊन, मित्र म्हणून, माझ्या व्याख्यानाचा पहिला अर्धा भाग सांगा.